विजेच्या वस्तू परदेशी जाण्यापूर्वी घ्याव्यात की गेल्यावर? आमचे निर्णय आणि त्यांची कारणे

परदेशातल्या नोकरीचे पत्र हाती आल्यापासून आमच्या घरात एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा निघत होता. लॅपटॉप, फोन, कॅमेरा, मिक्सर, इस्त्री, प्रिंटर यांपैकी काय निघण्यापूर्वी घ्यायचे, काय आहे ते बरोबर न्यायचे आणि काय तिथे पोहोचल्यावर विकत घ्यायचे? थोरल्या दिरांचा आग्रह होता की सगळे आधीच घ्यावे, कारण ओळखीच्या बाजारात माणूस डोळसपणे खरेदी करतो आणि नव्या देशात पहिले काही महिने प्रत्येक खर्च जड वाटतो. माझी मावसबहीण बरीच वर्षे त्याच देशात राहते. तिचा सल्ला नेमका उलटा होता. "काहीही आणू नकोस, इथे सगळं मिळतं," असे ती दर फोनला सांगे. दोघेही स्वतःच्या अनुभवावरून बोलत होते आणि दोघांनाही आमची काळजी होती, परंतु सगळ्या वस्तूंना एकच नियम लावता येईल ही दोघांची समजूत मला पटत नव्हती. म्हणून घरातल्या प्रत्येक वस्तूचा वेगळा विचार करायचे मी ठरवले. तो कसा केला आणि त्यातून काय निर्णय झाले, ते इथे सविस्तर मांडते आहे, कारण अशा तयारीत असलेल्या माणसाला किमतींची तुलना करून देणारे पुष्कळ भेटतात, पण ही वस्तू तिथे नीट चालेल का आणि बिघडली तर तिच्याकडे कोण बघेल, हे विचारणारे फार थोडे भेटतात.

सुरुवात विजेपासून केली. आम्ही राहत होतो तिथे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट आणि वारंवारता ५० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने) होती. जिथे जायचे होते तिथे ती १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ आहे. युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि आशियाचा बहुतेक भाग २२० ते २४० व्होल्टच्या गटात येतो, तर उत्तर अमेरिकेत घरातल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. जपानची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. तिथे दाब १०० व्होल्ट असून देशाच्या पूर्व भागात ५० हर्ट्झ आणि पश्चिम भागात ६० हर्ट्झ वारंवारता आहे, कारण १८९० च्या दशकात टोकियोने जर्मन बनावटीची जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. एकाच देशात घर बदलतानाही हा प्रश्न उभा राहू शकतो, हे वाचल्यावर मी लेबले वाचण्याचे काम अधिक गंभीरपणे घेतले.

प्रत्येक उपकरणाच्या पाठीवर, बुडाशी किंवा चार्जरवर बारीक अक्षरांत एक लेबल असते आणि त्यावरची 'इनपुट' ही ओळ निर्णयाचा निम्मा भार उचलते. तिथे '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे छापलेले असेल, तर ते उपकरण जगात जवळजवळ कुठेही चालते. लॅपटॉपचे, फोनचे आणि कॅमेऱ्याच्या बॅटरीचे चार्जर बहुतेक याच प्रकारचे असतात, कारण त्यांच्यातली यंत्रणा आलेली वीज आधी एकदिश करते, मग तिचे फार वेगाने तुकडे पाडून हवा तेवढा कमी दाब तयार करते. भिंतीतून आलेला दाब किती होता आणि वारंवारता किती होती, याने तिला फारसा फरक पडत नाही. पण लेबलवर केवळ '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ' असेल, तर ती वस्तू तिच्या जुन्या देशाशी बांधलेली आहे असे समजून पुढचा विचार करावा लागतो.

या दुसऱ्या गटात आमच्या घरात मुख्यतः तापणाऱ्या आणि फिरणाऱ्या वस्तू निघाल्या. इस्त्री, पाण्याची केटल, केस वाळवायचा ड्रायर आणि टोस्टर यांच्यात तापणारी तार असते आणि तिची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे २३० व्होल्टसाठी बनलेली २००० वॅटची केटल १२० व्होल्टवर लावली, तर तिला साधारण ५५० वॅटच मिळतात आणि पाणी उकळायला चौपट वेळ लागतो. उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी हाच हिशोब धोक्याचा आहे. १२० व्होल्टचा १००० वॅटचा ड्रायर २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला, तर तो क्षणभर साडेतीन हजारांहून अधिक वॅट ओढू पाहतो. तार जळते, प्लास्टिक वितळते आणि आगही लागू शकते. म्हणून १२० व्होल्टच्या देशातून २३० व्होल्टच्या देशात जाणाऱ्यांनी तापणाऱ्या वस्तू अजिबात नेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगते.

मिक्सरबाबत मात्र मी बराच काळ थांबले. त्याची मोटर ब्रश असलेली, म्हणजे युनिव्हर्सल प्रकारची होती. अशी मोटर वारंवारतेवर अवलंबून नसते, फक्त दाब योग्य हवा. म्हणजे दाब वाढवून देणारा ट्रान्सफॉर्मर लावला तर ती ६० हर्ट्झवरही व्यवस्थित चालेल. पंखे किंवा जुन्या पद्धतीची फिरणारी यंत्रे यांच्यातल्या इंडक्शन मोटरचे तसे नाही, कारण तिचा वेग वारंवारतेवर ठरतो आणि ५० ऐवजी ६० हर्ट्झ मिळाल्यास तो साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो, जो त्या यंत्राच्या बांधणीत धरलेला नसतो. मिक्सरसाठी लागणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची माहिती काढल्यावर मात्र प्रश्न आपोआप सुटला. ७५० वॅटची मोटर सुरू होताना तिच्या लिखित शक्तीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर दुपटीच्या आसपास क्षमतेचा घ्यावा लागतो. तो तांब्याच्या तारेचा आणि लोखंडी पट्ट्यांचा असल्यामुळे मिक्सरपेक्षा जड होतो आणि नेहमी ओट्यावर जागा अडवतो. मिक्सर नणंदेला दिला आणि तिथे गेल्यावर तिथल्या दाबाचा घ्यायचा असे ठरले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते, कारण दुकानातही तिची गल्लत केली जाते. प्रवासासाठी मिळणारा छोटा प्लग अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. तो विजेचा दाब बदलत नाही. दाब बदलायला ट्रान्सफॉर्मर किंवा कन्व्हर्टर लागतो. शिवाय तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावला की अर्थिंग तुटते. धातूच्या अंगाचा लॅपटॉप असा लावून वापरताना हाताला मुंग्या आल्यासारखी बारीक थरथर जाणवते, ती याचमुळे. म्हणून कायमच्या वापरासाठी अडॅप्टरवर अवलंबून न राहता मी चार्जरच्या ठोकळ्यातून निघणारी वायरच बदलायची ठरवले. लॅपटॉपच्या चार्जरला तीन भोकांचा, बहुतेकदा त्रिदलाच्या आकाराचा सॉकेट असतो, लहान उपकरणांना आठच्या आकड्यासारखा आणि मॉनिटर किंवा डेस्कटॉपला मोठा तीन पिनांचा. हे आकार आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले आहेत. त्यामुळे नव्या देशातली योग्य प्लगची वायर तिथे सहज मिळते आणि अडॅप्टर फक्त पहिल्या काही दिवसांपुरता लागतो.

विजेचा प्रश्न लेबल वाचून सुटतो; फोनचा तसा सुटत नाही, आणि माझा सर्वांत जास्त वेळ फोननेच घेतला. माझा जुना फोन चांगला चालत होता, तरी तो नव्या देशात नीट चालेल का हे कळायला मला त्याचा पूर्ण मॉडेल क्रमांक काढून, तो फोन कोणकोणते एलटीई (म्हणजे ४जी) आणि ५जी बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, पकडतो याची निर्मात्याने दिलेली यादी, तिथल्या मोबाइल कंपन्या वापरत असलेल्या बँडांच्या यादीशेजारी ठेवावी लागली. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगवेगळ्या बँडांचा विकला जातो. युरोपात ८०० मेगाहर्ट्झचा २० क्रमांकाचा बँड महत्त्वाचा आहे, तर अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झचा ७१ आणि ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले १२ व १३ हे बँड. हे कमी वारंवारतेचे बँड लांबपर्यंत पोहोचतात आणि भिंतींच्या आत शिरतात. तेच फोनमध्ये नसले, तर मोकळ्या रस्त्यावर उत्तम चालणारा फोन घराच्या आतल्या खोलीत किंवा गावाबाहेर अचानक मुका होतो. माझ्या फोनमध्ये तिथले दोन महत्त्वाचे बँड नव्हते.

त्याहून गंभीर बाब साध्या बोलण्याची आहे. अनेक देशांनी ३जी सेवा बंद केली आहे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ती २०२२ मध्ये बंद केली आणि ऑस्ट्रेलियात २०२४ च्या अखेरीस हे काम पूर्ण झाले. त्यानंतर फोनवरचे बोलणे ४जी वरून, म्हणजे व्होएलटीईने होते आणि ती सोय प्रत्येक कंपनीला प्रत्येक मॉडेलसाठी सुरू करून द्यावी लागते. बाहेरून आणलेल्या फोनवर इंटरनेट चालते पण कॉल लागत नाही, असा प्रकार यामुळेच घडतो. ऑस्ट्रेलियात तर ज्या फोनवरून आपत्कालीन क्रमांक लावता येणार नाही तो फोन जाळ्यावर चालू देऊ नये, असा नियमच करण्यात आला. म्हणून जिथे जायचे आहे तिथल्या मोबाइल कंपनीच्या पानावर आपल्या फोनचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घालून तो चालतो का हे पाहणे, हाच मला खात्रीचा मार्ग वाटला, आणि मी तो निघण्यापूर्वीच अवलंबला. काही देशांत आणखी एक अट असते. तुर्कस्तानात बाहेरून आणलेला फोन कर भरून नोंदवला नाही, तर १२० दिवसांनी त्याचे स्थानिक सिम चालणे बंद होते.

मग नवा फोन निघण्यापूर्वी घ्यावा का? मोह मोठा होता, परंतु जुन्या देशात विकला जाणारा नवा फोन घेतला असता तरी बँडांचा प्रश्न तसाच राहिला असता. सिमचेही वेगळेपण असते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ च्या १४ क्रमांकाच्या मालिकेपासून सिमचा कप्पाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेले सिम, आहे, तर चीनच्या मुख्य भूमीत अनेक वर्षे दोन प्रत्यक्ष सिम घेणारी मॉडेले विकली गेली. जपान आणि दक्षिण कोरियात विकलेल्या बहुतेक फोनचा कॅमेरा, निदान त्या देशांत असताना, फोटो काढताना आवाज करतो. काही कंपन्यांचे फोन तर ज्या प्रदेशात विकले गेले तिथल्या सिमवर आधी थोडा वेळ बोलल्याशिवाय दुसरीकडचे सिम स्वीकारत नाहीत. या सगळ्यामुळे फोन ही मुळात तिथल्या जाळ्याची वस्तू आहे आणि ती तिथेच घ्यावी, असा माझा ठाम निष्कर्ष झाला.

असे असले, तरी जुना फोन मी मोडीत काढला नाही आणि कोणी काढू नये असेही मला मनापासून वाटते. जुन्या देशातली बँक, कर भरण्याची व्यवस्था, विमा, भविष्य निर्वाह निधी यांचे सगळे ओटीपी जुन्या क्रमांकावरच येतात आणि तो क्रमांक चालू ठेवणे ही परदेशी गेलेल्या माणसाची पहिली गरज आहे. निघण्यापूर्वी मी त्या क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेतले, एसएमएस येतो की नाही याची मोबाइल कंपनीकडून लेखी खात्री मागितली आणि जुना फोन त्याच एका सिमसाठी बरोबर ठेवला. शिवाय विमानातून उतरताच घरमालकाला कळवणे, नकाशा पाहणे, बँकेत खाते उघडणे यांसाठी फोन हातात असावाच लागतो. कमी बँड पकडणारा असला, तरी शहरात पहिले काही आठवडे तो पुरेसा होता.

लॅपटॉपचा निर्णय मी नेमका उलटा घेतला. चार्जर कुठेही चालतो, वाय-फाय जवळपास सगळीकडे सारखेच आहे आणि लॅपटॉप पहिल्या दिवसापासून लागतो. भाड्याच्या घराचे करारपत्र वाचून सही करायची, कामावर रुजू होण्याचे अर्ज भरायचे, दूतावासाची पाने छापण्यासाठी तयार करायची, हे सगळे फोनच्या छोट्या पडद्यावर करणे मला शक्य वाटत नव्हते. नव्या देशात सुरुवातीला पतपुरवठ्याचा इतिहास नसतो, त्यामुळे हप्त्यावर काही मिळत नाही. कायमचा पत्ता नसल्यामुळे वस्तू कुठे मागवायची हाही प्रश्न असतो. मी आधी नोकरी देणाऱ्यांना विचारून घेतले की कामाचा लॅपटॉप ते देतील का, कारण अनेक ठिकाणी तो मिळतो आणि मग स्वतःचा नवा घेण्याची घाई उरत नाही. त्यांचे उत्तर 'हो, पण रुजू झाल्यावर काही काळाने आणि फक्त कामापुरता' असे आल्यामुळे घरचा लॅपटॉप निघण्यापूर्वीच घ्यायचे ठरले.

कळपट्टीचाही विचार केला. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर वाय आणि झेड या कळांची जागा बदललेली असते, फ्रान्समध्ये पहिल्या ओळीची मांडणीच वेगळी असते, आणि अनेक युरोपीय कळपट्ट्यांवर एंटरची कळ उभी व दोन ओळींत पसरलेली असते. बोटांना लागलेली सवय कामाच्या वेगावर मोठा परिणाम करते. जिथली भाषा आणि कळपट्टी वेगळी आहे अशा देशात जाणाऱ्याने, त्याला मनासारखी कळपट्टी हवी असेल तर, लॅपटॉप आधी घेण्याचे हे एक सबळ कारण आहे. मात्र ती कळपट्टी पुढे खराब झाली, तर तिथल्या सेवा केंद्रात तसा सुटा भाग मिळायला वेळ लागेल, हेही मनात ठेवावे.

यातूनच वॉरंटीचा मुद्दा पुढे आला, आणि माझ्या मते बहुसंख्य माणसे नेमके इथेच फसतात. विक्रेता 'आंतरराष्ट्रीय वॉरंटी' म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणायचे आहे, हे लेखी स्वरूपात पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. अनेक निर्माते लॅपटॉपसाठी दुसऱ्या देशात सेवा देतात, पण फोनसाठी देत नाहीत. काही फक्त ते मॉडेल ज्या देशांत विकले जाते तिथेच देतात. काहींना आधी संकेतस्थळावर देशबदल नोंदवावा लागतो. ही कलमे मी लॅपटॉप घेण्याआधी वाचली आणि एक चांगले मॉडेल केवळ याच कारणासाठी सोडून दिले, कारण ते नव्या देशात विकलेच जात नव्हते. निर्मात्याच्या वॉरंटीहून कायद्याने मिळणारे संरक्षण वेगळे असते, हेही ध्यानात घ्यावे. युरोपीय संघात ग्राहकाला किमान २ वर्षांची कायदेशीर हमी मिळते, परंतु तिची जबाबदारी विकणाऱ्यावर असते. वस्तू ज्याच्याकडून घेतली तो मागे दुसऱ्या देशात राहिला, की ही हमी कागदावर असूनही हाताशी राहत नाही. ज्या वस्तूची दुरुस्ती आपल्याला परवडणार नाही, ती वस्तू जिथे राहायचे तिथेच घ्यावी, हे मला इथे नीट उमगले. लॅपटॉप हा अपवाद मी केला तो निर्मात्याचे तिथले सेवा केंद्र आणि लेखी वॉरंटी या दोन्हींची खात्री करूनच.

सीमाशुल्काबद्दल थोरल्या दिरांशी माझी सर्वांत लांब चर्चा झाली. राहते घर हलवणाऱ्या माणसाला त्याच्या वापरातल्या वस्तूंवर कर लावू नये, ही सवलत बहुतेक देशांत आहे, पण ती 'वापरातल्या' वस्तूंना आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार वस्तू किमान ६ महिने आपल्या ताब्यात आणि वापरात असावी लागते. ब्रिटनमध्येही स्थलांतरासाठी ६ महिन्यांचीच अट आहे. अमेरिकेत घरगुती सामानासाठी किमान १ वर्षाच्या वापराची अट आहे. म्हणजे निघण्याच्या आठवड्यात दुकानातून आणलेली, खोक्यात बंद असलेली वस्तू या सवलतीत बसतेच असे नाही आणि तिच्यावर कर भरावा लागला, तर स्वस्त पडल्याचे समाधान विमानतळावरच संपते. हे कळल्यावर दीर स्वतः म्हणाले, "मग जे घ्यायचं ते आत्ताच घेऊन वापरायला लाग, नाहीतर राहू दे." लॅपटॉप आम्ही म्हणूनच बराच आधी घेतला, रोज वापरला, बिलाची प्रत आणि अनुक्रमांक सामानाच्या यादीत लिहिले. सामानाच्या यादीत प्रत्येक उपकरणाचा अनुक्रमांक असणे परतीच्या वेळीही उपयोगी पडते, कारण वस्तू आपण जुन्या देशातूनच नेली होती हे त्यावरून दाखवता येते.

किमतींची तुलना मी केली, पण तिला शेवटची जागा दिली. काही देशांत दुकानातल्या पाटीवरची किंमत कर धरून असते, तर अमेरिकेत विक्रीकर पैसे देताना वर चढतो. त्यामुळे दोन पाट्या शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष चुकीचा निघतो. जुन्या देशातल्या कार्डाने तिथे पैसे दिल्यास चलन बदलाचा आकारही लागतो. आणि निघताना कराचा परतावा मिळेल या भरवशावर खरेदी करणाऱ्याने तो नियम अजून चालू आहे का, हे तपासावे. ब्रिटनने प्रवाशांसाठीची ती सोय २०२१ च्या प्रारंभापासून ग्रेट ब्रिटनमध्ये बंद केली आहे.

बाकीच्या वस्तूंचे निर्णय भराभर झाले. दूरचित्रवाणी संच नेण्याचा प्रश्नच नव्हता. काचेच्या पडद्याच्या वाहतुकीची जोखीम तर आहेच, शिवाय अँटेनाने प्रक्षेपण पकडायचे असल्यास युरोपात डीव्हीबी-टी, उत्तर अमेरिकेत एटीएससी आणि जपानमध्ये आयएसडीबी-टी अशा वेगवेगळ्या पद्धती आहेत. वाय-फाय राउटर नेला नाही, कारण त्याला वापरता येणाऱ्या लहरी देशागणिक ठरलेल्या असतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये अमेरिकेत साधारणपणे १ ते ११ या वाहिन्या वापरतात आणि युरोपात १३ पर्यंत. ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर अमेरिकेने युरोपापेक्षा दुपटीहून अधिक जागा मोकळी ठेवली आहे. प्रिंटर दिला, कारण काही कंपन्यांची शाईची काडतुसे प्रदेशानुसार बांधलेली असतात आणि दुसऱ्या प्रदेशातले काडतूस यंत्र ओळखत नाही. कॅमेरा आणि भिंगे मात्र बिनघोर नेली. भिंगाला देश नसतो आणि माझ्या कॅमेऱ्यात ५० व ६० हर्ट्झच्या दिव्यांची लुकलुक टाळण्याची सोय आहे. नवा कॅमेरा परदेशातून घेऊ इच्छिणाऱ्याने एवढे पाहावे की जपानी बाजारासाठी बनलेल्या काही कॅमेऱ्यांत फक्त जपानी भाषाच असते. मनगटी घड्याळ घ्यायचे राहूनच दिले, कारण हृदयाचा आलेख काढण्यासारख्या सोयी तिथल्या आरोग्य नियामकाच्या मान्यतेनुसार सुरू किंवा बंद असतात.

निघण्यापूर्वी जे आवर्जून घेतले ते होते माहितीच्या साठ्याचे. दोन बाह्य एसएसडी घेतल्या, सगळी कागदपत्रे, छायाचित्रे आणि बँकेचे तपशील कूटबद्ध करून दोन्हींवर ठेवले. एक हातातल्या सामानात आणि एक नणंदेच्या कपाटात राहिली. पॉवर बँकही आधीच घेतली, पण तिच्यावरचा आकडा नीट वाचून. विमानात बॅटरीची मर्यादा वॉट-तासांत मोजतात आणि ती सर्वसाधारणपणे १०० आहे. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. २०,००० एमएएच हा आकडा ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागला की ७४ वॉट-तास होतात, म्हणून ती चालते. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ठेवता येत नाहीत. त्या हातातल्या बॅगेतच हव्यात. कंटेनरने सामान पाठवणाऱ्यांनीही त्यात बॅटऱ्या टाकण्याआधी वाहतूकदाराला विचारावे.

पोहोचल्यावर खरेदी कशी झाली, तेही सांगते. पहिल्या आठवड्यात लॅपटॉपची नवी वायर आणि एक चांगली, अर्थिंग असलेली एक्स्टेन्शन पट्टी घेतली. इस्त्री आणि केटल मावसबहिणीच्या ओळखीतल्या, परतीच्या तयारीत असलेल्या एका कुटुंबाकडून वापरलेली मिळाली. परतणाऱ्या माणसांना तापणाऱ्या वस्तू नेता येत नाहीत आणि येणाऱ्यांना त्या लागतात, त्यामुळे अशी देवाणघेवाण दोघांच्याही सोयीची असते. फोन मात्र लगेच घेतला नाही. आधी महिनोन्महिने बांधून ठेवणारा करार न करता प्रीपेड सिम घेतले, घरात आणि कामाच्या ठिकाणी कोणत्या कंपनीची रेंज नीट येते हे पाहिले, आणि मगच कुठल्याही कंपनीला न बांधलेला, अनलॉक केलेला फोन पूर्ण पैसे देऊन घेतला. कंपनीकडून स्वस्तात मिळणारा लॉक केलेला फोन घेतला असता, तर सुट्टीत घरी गेल्यावर जुने सिम त्यात चालले नसते.

आमचा इथला करार काही वर्षांनी संपणार आहे, त्यामुळे इथे घेतलेल्या प्रत्येक वस्तूलाही मी तेच प्रश्न विचारते. दाढीचे यंत्र आणि केस वाळवायचा ड्रायर दोन्ही दाबांवर चालणारा, लेबल पाहून घेतला. ड्रायरवर दाब बदलायची छोटी खटकी आहे आणि ती देश बदलल्यावर आठवणीने फिरवावी लागते. मिक्सर, इस्त्री आणि केटल यांची बिले, माहितीपत्रके आणि मिक्सरचे खोके वरच्या फडताळात ठेवले आहेत, म्हणजे निघताना त्या वस्तू इथेच कुणाला तरी देता येतील.